तिकडून थाळी फेकणारा मेव्हणा

नगरच्या लष्करी मैदानावर मी चुन्याच्या रेघा मारायचो अन् लांब पडलेली थाळी उचलून आणायचो. थाळी म्हणजे लोखंडी कडं बसवलेली लाकडी चकती, गर्रकन फिरून फेकायची. फेकणाऱ्यांत एक शिपाई नेवाशाकडचा मुसलमान गडी होता. माझ्या बायकोला भाऊ नव्हता. भाऊबिजेला ती चंद्राला ओवाळायची. एका साली मी ह्यालाच घरी आणून पाटावर बसवला. तेव्हापासून ती त्याची आक्का अन् मी दाजी.

मैदानावर ओरडायचा, "दाजी, मागं सरका. आक्काचं कुंकू माझ्या हातात हाय."

सत्तेचाळीसला पलटणीची वाटणी झाली. मुसलमान शिपायांना विचारलं, इथं राहणार का पाकिस्तानात जाणार. बायकोनं त्याला जेवायला बोलावलं अन् तोंडावर विचारलं.

"आक्का, इथं माझ्या म्होरं दोघं हायेत. मला परदेशी खेळाला कोण पाठवतंय? तिकडं मीच पयला."

"अन् मी ओवाळायचं कुणाला?"

तो खाली मान घालून जेवत राहिला. गेला.

पुढच्या साली विलायतेत खेळ झाले. चहाच्या दुकानात मास्तरांनी पेपर वाचून सांगितलं, तो तिकडून उतरला होता, नंबर काही आला नाही. तरी बायकोनं गल्लीत साखर वाटली. त्या वक्ताला गल्लीत तिकडून घरदार सोडून आलेली माणसं राहत होती. तिला ते सुचलंच नाही.

"कशाची गं साखर?" शेजारीण म्हणाली.

"भाऊ विलायतेला खेळून आला."

"त्यांचा गडी तुझा भाऊ व्हय? मग जा की माहेरी तिकडंच."

तेव्हापासून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं.

तो आणखी देशांत फेकून आला म्हणे. आमच्याकडं आला नाही. येणं त्याच्या हातात नव्हतं, असं लोक म्हणतात. असंल. ती मात्र दर दिवाळीला पाट मांडून बसायची अन् मी तिच्यावर खेकसायचो.

औंदा ती गेली. सवाष्ण गेली की अंगावर माहेरचं लुगडं घालतात. बायांनी विचारलं, माहेरचं कोण हाय? मी बाजारातनं हिरवं लुगडं आणलं अन् म्हणालो, भावाचं हाय.

"आत्ता तर तुमी पिशवी घिऊन गेल्ता," एक म्हातारी म्हणाली. "नवऱ्यानं आणलेलं माहेरचं कसं व्हईल?"

खोटं होतंच ते. त्यांनी लुगडं बाजूला ठेवलं अन् तिला तशीच नेली.