संदेश डोर्लेकरचा बांगडा

फावल्या वेळात माणसं काय काय करतात! कोणी जुनी नाणी जमवतो, कोणी शेजाऱ्याच्या चुका. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या संदेश डोर्लेकरने फावल्या वेळात ऑपरेटिंग सिस्टीम केली. म्हणजे संगणक चालू केल्याबरोबर त्याला 'अरे, तू संगणक आहेस, उठ' असं सांगणारा जो मूळ प्रोग्राम असतो, तो. परदेशातल्या कंपन्या या कामाला हजारो माणसं बसवतात. संदेशने ते एकट्याने, पाटावर लॅपटॉप आणि मांडीवर मांजर ठेवून, आठ वर्षांत केलं. नाव ठेवलं 'बांगडा'.

"पापलेट का नाही रे?" मी विचारलं.

"पापलेट विकायला असतं. बांगडा शेजारीपाजारी वाटायला."

संदेश मिरजोळ्याला एका मासळीच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. तिथलं शीतगृह बिघडलं की लोक देवाच्या आधी त्याला हाक मारतात. प्रोग्रामिंग तो पुस्तकं वाचून आणि चुका करून शिकला. पुस्तकं चार, चुका अगणित. कॉलेजात तो एकच वर्ष होता, तेही बहुतेक कॅन्टीनमध्ये.

मागल्या वर्षी त्याने बांगडा इंटरनेटवर ठेवला. फुकट, आणि आतला सगळा कोड उघडा. ज्याला हवा त्याने न्यावा, हवा तसा बदलावा. हे ऐकून त्याच्या आईने, यमुनाबाईंनी, कपाळावर हात मारला. यमुनाबाई चाळीस वर्षं रत्नागिरीच्या बाजारात मासळी विकतायत.

"फुकट म्हटलंस की गिऱ्हाईक आधी वास घेतं," त्या म्हणाल्या. "मी वाटा फुकट दिला, तर लोक म्हणतील कालचा हाय."

आईचं खरं ठरलं. वर्षभरात बांगडा अकरा वेळा उतरवून घेतला गेला. त्यातल्या नऊ वेळा स्वतः संदेशनेच, नीट उतरतोय का बघायला. दहावा गृहस्थ कोण ते कळलं नाही. अकराव्याने कालवणात कोकम किती घालायचं ते विचारलं.

संदेशची अपेक्षा फार नव्हती. "एका तरी परक्या लॅपटॉपवर बांगडा चालू झालेला बघायचाय," तो म्हणायचा. "एकाच. मग मी गप बसेन." मुलीला स्थळ बघणाऱ्या बापाचा जो चेहरा होतो, तो त्याचा आठ वर्षं होता.

मग नम्रता सुर्वे भेटली. पुण्याच्या कंपनीची नोकरी ती घरच्या पडवीतून करते. अशी आणखीही मंडळी हल्ली रत्नागिरीत आहेत. वर शर्ट, खाली लुंगी आणि समोर अमेरिका. नम्रताने त्यातले पाच आणि पॉलिटेक्निकातला एक मास्तर असे सहा जण जमवले. मे महिनाभर सगळे हॉल लग्नांनी अडवलेले, म्हणून वाचनालयाची वरची खोली मिळाली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात.

त्या सकाळी संदेश इस्त्रीचा शर्ट घालून आला. बरोबर पेन ड्राइव्ह सात, आणि यमुनाबाई. पावसाळ्याची मासेमारी बंद, त्यामुळे बाजाराला सुट्टी. लेकाने एवढी वर्षं पाटावर बसून काय केलं ते एकदा बघून टाकू म्हणून त्या आल्या होत्या. येताना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या सोड्यांची चटणी आणली होती. कार्यक्रम पडला तरी जेवण पडायला नको.

संदेशने सगळ्यांना पेन ड्राइव्ह वाटले. सात लॅपटॉप एकदम चालू झाले. सात पडद्यांवर मराठीत अक्षरं आली: 'नांगर उचलला.' खोलीत टाळ्या. मग 'शीड उभं केलं.' आणखी टाळ्या. मग 'पाणी बघतोय.'

आणि तिथेच थांबलं.

एक मिनिट गेलं. पाच गेली. सातही बांगडे पाणी बघत बसले.

"घरी चालतो हो," संदेश म्हणाला. त्याचा इस्त्रीचा शर्ट एव्हाना भिजला होता. त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला. तोही पाणी बघत बसला. घरचाच उलटल्यावर मात्र तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "चला, भाकऱ्या खाऊया."

"थांबा हो डोर्लेकर," पॉलिटेक्निकात शिकवणारा रितेश म्हणाला. "कोड उघडाच आहे ना? बघू तरी द्या. 'पाणी बघतोय' म्हणजे नक्की काय बघतो तो?"

संदेशने सांगितलं. त्याच्या बांगड्याच्या कोपऱ्यात घड्याळ नाही, भरतीची वेळ असते. होडीवाल्याच्या घरी जन्मलेल्याला बारा वाजले यापेक्षा पाणी किती वाजता भरणार हे जास्त उपयोगाचं वाटतं. दरवर्षी तो कॅलेंडर समोर ठेवून सगळ्या वेळा हाताने भरायचा.

नम्रता त्या यादीवरून बोट फिरवत गेली. "एप्रिल आहे, मे आहे... संदेशदादा, मेनंतर एकदम ऑगस्ट? जून-जुलै कुठायत?"

"जून-जुलैत कुठे कोण समुद्रात जातं?" संदेश इतक्या सहज म्हणाला, की आधी कोणालाच त्यात चूक दिसली नाही.

मग खोली हसून हसून लोळली. आठ वर्षांत त्याच्या हे लक्षात यायचं कारणच नव्हतं. त्या दोन महिन्यांत मासळी नसते, म्हणून कंपनीतली सगळी यंत्रं दुरुस्तीला खोलतात आणि संदेश डबल ड्यूटी करून घरी नुसता झोपतो. बांगडा बिचारा आजची भरती शोधत होता, ती कोणी लिहिलेलीच नव्हती. होड्यांसारखाच तोही पावसाळाभर सुट्टीवर!

"दोन महिने आत्ता भरून टाकू," रितेश म्हणाला. "कॅलेंडर आहे का कोणाकडे?"

"कॅलेंडर कशाला लागतं?" कोपऱ्यातून यमुनाबाई म्हणाल्या. "आज तिथ काय?"

कोणीतरी मोबाइलवर बघून सांगितलं, पंचमी.

"पाचाची पाऊणकी पावणेचार. पावणेचाराला पाणी भरेल. अष्टमी असली तर सहा. शुद्ध असो नायतर वद्य."

नम्रताने मोबाइलवर रत्नागिरीची भरती शोधली, आणि मोबाइल सगळ्यांना फिरवून दाखवला. दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे, पण बाईंचं बरोबर.

"म्हणजे तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं," रितेश पुटपुटला. "संपूर्ण यादीच्या जागी एक ओळ!"

"आये," संदेश म्हणाला, "आठ वर्षं मी कॅलेंडर बघून बोटं झिजवली. हे सांगितलं नाहीस कधी?"

"तू इचारलंस कधी? मला वाटलं हापिसाचं काय असंल. एवढं शिकलास नि पाऊणकी येत नाय?"

नम्रताने तारखेवरून तिथी काढायचा हिशेब बसवला, पुढे पाऊणकी घातली. भाकऱ्या तोवर निम्म्या झाल्या होत्या. संदेश तिच्या मागे उभा राहून बघत होता. त्याच्या कोडात पहिल्यांदाच दुसऱ्याचा हात पडत होता. दोनदा त्याचा स्वतःचा हात पुढे आला आणि दोनदा त्याने तो खिशात घातला.

मग पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा नांगर, पुन्हा शीड. 'पाणी बघतोय' आलं तसे सगळे पुढे वाकले. यमुनाबाईंनीही घास थांबवला.

'पूर्ण भरती पावणेचार. चला.'

आधी नम्रताचा, मग रितेशचा, मग बाकीचे पाच. संदेश एकेका खुर्चीमागे जाऊन, हात पाठीशी बांधून, प्रत्येक पडदा वाचत होता. सातही ठिकाणी तेच लिहिलेलं, तरी वाचत होता.

"डोर्लेकर," रितेशने हाक मारली, "माऊस हलत नाही माझा."

"माऊस केलाच नाहीये अजून. जमला नाही मला."

"मग मी करू?"

संदेशने शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे बघितलं. यमुनाबाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

"करा की," तो म्हणाला. रितेशने तोवर फाइल उघडलीही होती.