बांगडी आणि रुंद पडदा

मला सावरलं ते अण्णा मगदुमांनी. काय बिघडलं होतं ते मागाहून सांगते. आधी त्यांचं नाव. सातवीत शाळा सुटलेली, म्हसवडहून सांगलीत एकटी आलेली मी आज पडद्यासमोर न घाबरता बसते, ती त्यांच्यामुळे.

अण्णा कुंडलचे. सांगलीत टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांच्या खिशात कायम एक पितळी बांगडी असे. कार्यक्रमांआधी टीव्हीवर जो मोठा गोल येई, त्याच्या मधोमध ती टेकवून, चित्र कुठल्या बाजूने ताणलंय का ते बघायचे. गिऱ्हाईक घाई करी, "आवं अण्णा, दिसतंय की चांगलं!" अण्णा म्हणत, "तुमाला दिसतंय. बांगडीला दिसू दे."

मी एका छापखान्यात संगणकावर पत्रिका जुळवायचे. नव्वदचं दशक सरत आलेलं. मालकांनी कुणाकडून तरी परदेशी लॅपटॉप आणला. पडदा बुटका आणि लांबच लांब, पाट आडवा ठेवावा तसा. त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. डोळे दुखायला लागले म्हणून मी सेटिंगमधल्या यादीतून जुन्या संगणकाच्या पडद्याचा आकडा निवडला, सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी. अक्षरं मोठी झाली. जरा पसरट, धुरकट. पण मला वाटलं, यंत्रच तसं असेल.

काम होतं कांबळे गुरुजींच्या गावच्या नव्या बुद्धविहाराच्या उद्घाटनाची पत्रिका. वर धम्मचक्र. पडद्यावर ते आडवं, बटाट्यासारखं दिसे. मी ते दोन्ही बाजूंनी दाबत दाबत गोल केलं. नमुन्याचा छापील कागद गुरुजींनी उलटसुलट धरून पाहिला. मग म्हणाले, "बाई, ह्ये चाक हाय का उभी काकडी?"

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत नीट कर. न्हाईतर म्हसवडची एस.टी. धर." घरी परत जाऊन काय सांगणार होते मी?

अण्णा शेजारी टीव्ही द्यायला आले होते, त्यांना मी आत बोलावलं. असलं यंत्र त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी आधी पडद्यावरच्या चक्राला बांगडी लावली, मग खिशातून भिंग काढलं आणि पडद्याला नाक लावून बसले.

"पोरी, तुझा बा काय करतो?"

"घोंगडी विणतो."

"मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढला, की मग धागं कमी-जास्त हुत्यात का?"

"न्हाई. चढलं तेवढंच."

"मग ह्योबी मागच हाय. टीव्हीत चित्र ताणाय येतं, हितं ठिपकं कारखान्यातच बसवल्यात. आडवं हजार चोवीस, असं यादीत दिसतंय. तू त्येला सहाशे चाळीसच दिलंस. मग एकाचं दीड करून त्यो रुंदी भरतोय बिचारा. कागूद काय तसा ताणत न्हाई, म्हणून तिथं तुजी काकडी झाली."

त्यांनी यादीतला तो आकडा निवडून भिंग माझ्या हातात दिलं. एक उभी रेघ मी पाहिली. मघाशी तिच्या कडा पुसट होत्या. आता एकाखाली एक ठिपका, माझ्या वडिलांच्या ताण्यातल्या धाग्यासारखा सरळ. एवढ्याशा काचेत कुणीतरी इतकं मोजून ठेवलं होतं, आणि ते मला दिसत होतं!

"पण अक्षरं बारीक..."

"मग अक्षर मोठं कर. धागं कमी करू नगंस."

मी चक्र नव्याने काढलं. बांगडी चपखल बसली. नव्या कागदावर गुरुजींनी एकेक आरा बोटाने मोजला. "चोवीस. आन् गोल," एवढंच म्हणाले. मालकांनी कागद छपाईला धाडला. माझी एस.टी. टळली.

पुढे हात थरथरायला लागले तसे अण्णा कुंडलला परतले. जाताना मी विचारलं, तुमचे उपकार कसे फेडू? हसून म्हणाले, "थंडीत एक घोंगडं दे की. धागं मोजून."

वडिलांचा माग आता बंद आहे. पण अण्णा, तो मी पुन्हा उभा करीन, आणि तुमचं घोंगडं स्वतः विणून कुंडलला घेऊन येईन. वेळ लागेल. पण ताण्यात एकही धागा कमी घेणार नाही.