बारा हात पोपटी पडदा

आधी माफी मागतो. या सदरात जाणती माणसं लिहितात आणि मी आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पहिलाच... लिहायची सवय नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्या. दुसरं म्हणजे, अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावात कुणाच्या अंगात आलं की मागे उभा राहून हसणारा मीच.

आमचं गाव रोहिणखेडजवळ. माझा मोठा भाऊ गजूदादा चार वर्षांपूर्वी बाबांशी भांडून निघून गेला. सुरतेला कुठल्यातरी कारखान्यात आहे, एवढंच उडत उडत कळलं होतं. फोन नाही, निरोप नाही. यंदा आम्ही घरामागे स्लॅबची एक खोली बांधली. माय येईल त्याला सांगायची, "गजूची खोली हाय." ते ऐकलं की बाबा उठून बाहेर जायचे.

भिंती फिक्या गुलाबी. पडद्याचं काम माझ्याकडे आलं. मी मोबाईलवर बरंच वाचलं – भिंत फिकी असेल तर पडदा त्याच रंगात थोडा गडद, खिडकी पश्चिमेची असेल तर कापड जाड... मी गडद गुलाबी ठरवला. माय म्हणाली, "पोपटी."

"गुलाबी भिंतीले पोपटी? लोकं हसतीन, माय."

"हसू दे. भिंतीसाठी लावून राह्यली का मी? अन् खिडकीले नाई, खाटीले लावाचा. तिन्ही बाजूनं."

"खाटीले पडदा? हे कुठं पाह्यलं तू?"

"पाह्यलं नाई. त्याले थंडी वाजून राह्यली, असं वाटते."

खाटांभोवती पडदे असतात तसल्या मोठ्या दवाखान्यात माय आजवर कधी गेलेली नाही, हे इथे सांगायला हवं.

तिने खाट हाताने मोजली – कोपरापासून बोटापर्यंत एक हात, असे बारा हात. मलकापूरच्या दुकानातले चाचा कॉफी, वाईन असे रंग उलगडत होते. मायने पोपटी तागा ओढला, खाटेचं सांगितलं. चाचा म्हणाले, "मावशी, खोली सजवता का मांडव घालता?" माय हसली. खूप महिन्यांनी... मग मी हुशारी केली. एक हात म्हणजे दीड फूट, म्हणजे साडेपाच मीटर. तेवढंच कापड घेतलं.

घरी माय शिवायला बसली तर कापड जवळजवळ एक मीटर कमी! माय प्रत्येक हातामागे चार बोटं जास्तीची धरते, हे मला माहीतच नव्हतं.

"कॉलेज शिकला बे, पण मायचा हात नाई शिकला," ती म्हणाली आणि जुन्या लुगड्याचा पिवळा तुकडा, लाल काठासकट, पायथ्याकडे जोडून मोकळी झाली.

खरं सांगतो, खोली वाईट दिसत होती. कुणी आलं की मी तिचं दार लोटून घ्यायचो. माय मात्र रोज दुपारी त्या रिकाम्या खाटेशी, पडद्याच्या आत जाऊन बसायची. उशीवर हात ठेवून. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी बाहेर आली, पडदा एका बाजूला बांधला आणि म्हणाली, "उतरला ताप."

त्यानंतर आठवड्याभराने किराणा दुकानवाले काका मोबाईल घेऊन पळत आले. दादाला गावातला तेवढाच एक नंबर पाठ होता. आधी एक अनोळखी माणूस बोलला. दादाच्याच कारखान्यातला. गजूला दवाखान्यात ठेवलं होतं, ताप डोक्यात गेला होता, नऊ दिवस शुद्ध नव्हती, आता धोका नाही...

मग दादा फोनवर आला. मी स्पीकर लावला. आवाज एकदम बारीक. चार वर्षांनी तो पहिलं काय बोलला असेल?

"माय, पडद्याले खाली पिवळा तुकडा काऊन जोडला?"

माय मागच्या खोलीकडे बघायला लागली. मी म्हणालो, "दादा, तुले कोणी सांगतलं?"

"सांगतलं काय बे? माह्या खाटीभोवतीच होता ना. पोपटी. लाल काठ माह्या पायाशी. माय बाजूले बसून होती."

मी फोन त्या माणसाला द्यायला लावला. विचारलं, तिथले पडदे कसे आहेत? तो म्हणाला, "निळे. सगळे निळेच."

आमच्याकडून फोटो कुणालाच गेलेला नाही. मला तर त्या खोलीची लाजच वाटत होती. बरं, पोपटी रंग योगायोग म्हणू... पण तो तुकडा? तो तर माझ्या चुकीच्या हिशोबातून आला. मायनेसुद्धा तो आधी ठरवला नव्हता. मी खूप विचार केला, कॉलेजातल्या सरांनाही विचारलं. आता दुपारी त्या खोलीत जाताना मी आपोआप चप्पल बाहेर काढतो.

हे लिहीत होतो तेवढ्यात काका पुन्हा आले. दादा आज सकाळी गाडीत बसला. संध्याकाळी मलकापूरला उतरणार. बाबा स्टेशनवर जायला केव्हाच निघालेत. निरोप एवढाच होता – पडदा काढू नका.