माझ्यावर गेलीय

आमची शेजारीण लेकीचं सगळं स्वतःवर ओढून घ्यायची. लेक डावखुरी, तर "माझ्यावर गेलीय." लेक हट्टी, तर "माझ्यावरच गेलीय गो." वाडीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण ही दुसरेपणावर दिलेली. हिनं माप ओलांडलं तेव्हा पहिल्या बायकोची ती पोर उंबऱ्यापाशी बसून सांडलेले तांदूळ वेचत होती.

तीच लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं, पण रक्त जायचं थांबेना. रत्नागिरीच्या इस्पितळात मीही सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, "रक्त द्यावं लागेल. रक्ताचा गट आईबापांकडून येतो. आई कोण?"

बाप मुंबईला गिरणीत. ही दंड उघडा करून पुढे झाली. डॉक्टरांनी काचेवर थेंब तपासले. जुळलं.

"जुळणारच," ते म्हणाले, "आईचंच रक्त ना!"

लोकांच्या चुका दुरुस्त करायची मला भारी खोड. पण हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी लेकीच्या ओठांवर रंग आला. दंडावरची पट्टी कुरवाळत ही मला म्हणाली, "मी सांगत नव्हते?"

"होय गो," मी म्हटलं, "तुझ्यावरच गेलीय."