उन्हात धरलेला कागद

डार्करूममध्ये छायाचित्रे छापण्याचा कागद आमच्या शहरात आता एकाच दुकानात मिळतो. माझ्या पहिल्या प्रदर्शनासाठी तिथले शेवटचे पाकीट मी फोन करून राखून ठेवायला सांगितले होते. दुकानदार काकांच्या पश्चात दुकान काकू सांभाळतात.

“जुना माल आहे गं, खराब निघाला तर मलाच बोल लावशील. थांब, उघडून दाखवते,” असे म्हणत काकूंनी पाकीट फोडले आणि आतली काळी पिशवीही फाडली.

“काकू, नको!” मी ओरडेपर्यंत त्यांनी दारात जाऊन सगळे कागद उन्हात पसरून धरले होते.

“अगं, केवढ्याने ओरडतेस! बघ, एक डाग नाही.”

त्या कागदाला उजेड लागला की तो वाया जातो, हे काकांना सांगावे लागले नसते. पाहिल्याशिवाय काही मानायचे नाही, ही शिस्त मला विज्ञान शिकताना प्रयोगशाळेने लावली. काकूंनी प्रामाणिकपणे तीच पाळली होती. दुकाने शोधताना मी माल आहे का, एवढेच विचारत आले. वस्तू मागे उरते आणि तिला जपण्याची रीत मात्र माणसाबरोबर निघून जाते, हा विचार प्रदर्शनाच्या काळजीहूनही मला अधिक अस्वस्थ करू लागला.

काकू माझ्या होकाराची वाट पाहत होत्या. कागद हळूहळू जांभळट होत गेले. त्यांनी हात बदलला, तेव्हा बोटांखालची जागा तेवढी पांढरीशुभ्र राहिली होती.