एकोणचाळीस हजार दोनशे तीन

माझ्या थोरल्या भाऊजींनी एकही मोठा आकडा कधी सुखानं जगू दिला नाही. आसेगावच्या शाळेत ते मास्तर. पण पोरांपेक्षा आकड्यांनीच त्यांचा धसका जास्त घेतला असावा. एसटीचं तिकीट हाती पडलं की त्यावरच्या क्रमांकाला दोनानं, तीनानं, पाचानं, सातानं भागत सुटायचं, आणि कोणाचाच भाग गेला नाही की मांडीवर थाप मारायची, "मूळ संख्या, बापू! हा गडी कोणाच्या बापाचं ऐकत नाही." एकदा गाडी आसेगावला थांबली तरी हे हलेनात. कंडक्टर ओरडला, "गुरुजी, गाव आलं ना! काहून बसून राह्यले?" "थांब ना बाप्पा, तेविसाचा भाग पाह्यचा आहे," म्हणाले, आणि पुढच्या गावाहून पायी घरी आले. माझ्या बहिणीनं, ताईनं, ताट वाढताना एवढंच विचारलं, "मंग, गेला का भाग?" चिडणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

त्या ताईचंच पोटाचं ऑपरेशन निघालं. एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं, "आत्ता काही सांगता येत नाही," आणि दार बंद झालं. शेजारच्या बाकावरच्या बाया कुणासाठी तरी नवस बोलत होत्या. आमच्या घरांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, नवस तेव्हाच सुटलेले. कोणाकडे काय मागावं ते मला कळत नव्हतं. भाऊजींनी ताईचा केसपेपर काढला, त्यावरचा क्रमांक मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवला: ३९२०३. खाली लिहिलं, १९८ चा वर्ग ३९२०४. "म्हंजे एकशे सत्त्याण्णवपर्यंत भागून पाह्यचं, पुढं गरज नाही," असं पुटपुटून त्यांनी दोनापासून सुरुवात केली.

मला असा संताप आला म्हणता! बायको आत, आणि हा माणूस भागाकार करतो. अकरा, तेरा, सतरा... दर वेळी बाकी उरायची, दर वेळी ते दाराकडे बघायचे. मधेच नर्स धावत बाहेर आली, बाटली घेऊन धावत आत गेली. तेव्हा एकोणनव्वदवर शिसपेन्सिलीचं टोक मोडलं. ते दातांनी कोरून पुन्हा भागाकार. दुपारी एकशे त्र्याण्णव झाले. एकच भाग उरला, तर त्यांनी पेन्सिल खिशात घातली.

"करा ना तो शेवटचा!" आता मलाच राहवेना.

"नाही बापू. तुह्यी बहीण बाहेर येऊ दे पयले."

डॉक्टर आले, "आता भीती नाही" म्हणाले. मग भाऊजींनी खिशातून पेन्सिल काढून तो भागाकार केला. एकशे सत्त्याण्णवचा भाग बसला, बाकी शून्य. मूळ संख्या निघाली नाही म्हणून खूश झालेले भाऊजी मी त्या दिवशीच पाहिले.

आता भाऊजी नाहीत. परवा ताईला हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं. ती ऐकता ऐकता थबकली.

"भागायचं कामच नव्हतं रे. वर्गातून एक कमी केला की त्याच्या आधीच्या आन् नंतरच्या आकड्याचा गुणाकार येते. एकशे सत्त्याण्णव आन् एकशे नव्व्याण्णव. लग्न झाल्यावर मले पयलं त्यायनं हेच शिकवलं होतं. त्यायले तर पयल्याच ओळीत उत्तर समजलं असन. मंग दुपारलोक कायले भागून राह्यले होते?"

विचारता विचारता तिचं तिलाच उमगलं. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"जन्मभर मले 'बरी आहेस का' म्हणून विचारलं नाही त्यायनं," ती म्हणाली.