रुखमाबाईचे जांभळे आलू

कारध्याच्या रुखमाबाई वीस वर्षांपासून जवाहरनगरच्या आठवडी बाजारात भाजी विकतात. वांगं किडकं निघालं तर पुढच्या बाजारी न मागता बदलून देतील, अशी त्यांची ख्याती. बोलणं कमी, तंबाखू मळणं फार.

यंदा भाच्यानं, कैलाशनं, कुठूनसं बेणं आणून दिलं आणि त्यांच्या मळ्यात आलू निघाले ते आतबाहेर जांभळे. मी त्यांची नेहमीची गिऱ्हाईक, म्हटलं, एक कापून दाखवा. त्यांनी कापला, अंगठ्यानं पुसून माझ्यापुढे धरला, आणि बघता बघता अंगठा लागला तेवढी फोड हिरवट झाली. मी आधीच तापट.

"रंग लावून विकता?" भर बाजारात ओरडले.

गिऱ्हाइकं पांगली. त्या दिवशी त्यांची वांगीसुद्धा कुणी घेतली नाहीत.

"मीच लावले, मीच खणले. रंग कायले लावू?" एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या बाजारी त्यांनी मला हाक मारली. समोर चार वाट्या. दोहोंत त्या आलूंचं उकडलेलं पाणी, दोहोंत वांग्याच्या सालींचं. दोन्हींतल्या एकेका वाटीत लिंबू पिळलं, दोन्ही पाणी गुलाबी. उरलेल्या दोहोंत चुना कालवला, दोन्ही हिरवी.

"त्या दिवशी माह्या अंगठ्याले तंबाखूचा चुना होता, मॅडम. आठ दिवस हेच करून पाहून राहिली. आता सांगा, वांगंबी मीच रंगवलं का?"

मी तिथंच मोबाइलवर शोधलं. अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य. वांग्याच्या सालीत तेच, जांभळातही तेच. नेहमीचा बटाटा ते गरात बनवत नाही, ही जात बनवते. मी वाचून दाखवलं.

"पण झाड बनवते कायले?"

"उन्हापासून वाचायला, म्हणतात."

"जमिनीखाली कोणतं ऊन?"

मी पुन्हा मोबाइल चाळू लागले. यांना शाळा मिळाली असती तर, असं वाटलं, आणि फार शरम वाटली. त्यांच्याजवळ वाकून हळूच म्हटलं, "माझं चुकलं, रुखमाबाई."

"मंग कानात काहून सांगता? ओरडल्या तं जोरानं होत्या."

आजूबाजूच्या बाया आमच्याकडेच बघत होत्या. मी सरळ उभी राहिले, घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूक ओरडून सांगितली.